एक विषय सोडायचा

"पाणी पण द्यायचं न्हाय, मावशी. घोटभर बी न्हाय," वर्षाराणी सिस्टरनी दुसऱ्यांदा सांगितलं. "दुपारी ऑपरेशन हाय. पोट रिकामं पायजे."

धोंडुबाईंनी मान हलवली. दवाखान्यात नवखी माणसं हलवतात तशी, म्हणजे कळलं म्हणूनही आणि आता पुरे म्हणूनही. खाटेवर त्यांचे मालक हंबीरराव हर्नियाचं दुखणं बाजूला ठेवून पंख्याकडे बघत पडले होते. उशाशी उभा असलेला त्यांचा मुलगा कृष्णात आईवर खेकसला, "ऐकलंस न्हवं? गडहिंग्लजपास्नं नुसता घोळ घालत आलीयास. आता काय चुकलं तर हितनंच एसटीत बसवून देतो बघ."

दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या तेजस्वीनं, म्हणजे वर्षाराणीच्या मुलीनं, हे सगळं ऐकलं.

डबा हे निमित्त होतं. वर्षाराणी रोज स्वतःचा डबा स्वतः आणत असे. आज रविवारचं तिनं मुद्दाम लेकीला सांगितलं होतं, "मला सकाळी वेळ न्हाय, तूच घेऊन ये वॉर्डात." लेकीनं वॉर्ड बघावा, फिनेल आणि औषधांचा तो मिसळलेला वास घ्यावा, एखादं उघडं ड्रेसिंग बघावं आणि तिच्या डोक्यातलं खूळ जावं, हा त्यामागचा कावा.

खूळ असं होतं. तेजस्वी बारावी सायन्सला. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं, कारण अकरावीला सगळ्यांनाच सगळं झेपेल असं वाटतं. आता बोर्डाच्या परीक्षेसाठी एक सोडून त्या जागी भूगोल घ्यायचा होता, आणि उद्या सोमवारी कॉलेजात सांगायचं होतं. पोरीचं म्हणणं, गणित सोडते. जीवशास्त्र ठेवते, बीएस्सी नर्सिंगला जाते. "तुझ्यासारखं," असं ती वर म्हणाली होती आणि त्या एका शब्दानं वर्षाराणीची झोप उडाली होती.

माझ्यासारखं म्हणजे काय गं बाई? ओव्हरटाइम करून घरी यायचं आणि सुजलेले पाय भिंतीला लावून पडायचं. दसऱ्याला दुसऱ्याच्या सलाइनची बाटली बदलायची. वडिलांनी हौसेनं नावाला राणी जोडलं होतं, पण राणीपण नावापुरतंच राहिलं. गणित ठेवलं तर पोरगी कुठंतरी एसीत, खुर्चीवर बसून काम करेल. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत. त्याला विचारलं तर "तुमचं तुम्ही ठरवा," आणि ठरवल्यावर "मला कोण विचारतंय," ही दोन्ही वाक्यं त्याच्याकडे कायमची तयार असत.

"मम्मी, डबा कुठं ठेवू?"

"ठेव तिकडं टेबलावर. आणि बस जरा. मी आले."

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरचा इचलकरंजीचा विणकर उठून बसला आणि तोंडावर हात दाबू लागला. कालच त्याचं ऑपरेशन झालं होतं, सोबतीला कोणी नव्हतं. वर्षाराणी ट्रे ठेवून धावली, पण तिच्याआधी तेजस्वी पोचली होती. खाटेखालचं भांडं तिनं एका हातानं त्याच्या हनुवटीखाली धरलं आणि दुसऱ्या हातानं त्याचं कपाळ धरलं. त्याचं सगळं उलटून पडेपर्यंत तशीच उभी राहिली. तोंड वाकडं नाही, मान फिरवणं नाही. "झालं, काका, झालं. आता बरं वाटंल," एवढंच म्हणत राहिली.

वर्षाराणी जागच्या जागी थांबली. भांडं धरायला शिकवता येतं, कपाळ धरायला कोणी शिकवत नाही. तिच्याबरोबर ट्रेनिंग केलेल्या कितीतरी जणींना ते अजून जमत नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना, आणि त्याच आनंदाची भीतीही वाटली. ही पोरगी यासाठीच जन्मली आहे, हे तिला दिसलं. आपला कावा आपल्यावरच उलटला म्हणून तिला हसूही आलं. संध्याकाळी घरी गेल्यावर सांगायचं, ठेव बाई जीवशास्त्र. झोप गेली तर गेली.

अकराच्या सुमारास ती हंबीररावांचं ब्लडप्रेशर बघायला गेली आणि तिच्या नाकाला वास लागला. कोल्हापुरात हा वास ओळखायला नर्स असावं लागत नाही. मटणाचा वास. हंबीररावांच्या पांढऱ्या मिशा तुपकट चकाकत होत्या आणि चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा समाधान होतं. धोंडुबाईंच्या पदराखालून थर्मासचं लाल झाकण डोकावत होतं. कृष्णात खाली औषधं आणायला गेला होता.

"मावशी, काय दिलासा ह्यांस्नी?"

"काय न्हाय की."

"मावशी."

"आळणी," म्हातारी हळूच म्हणाली. फोडणी-मसाल्याच्या आधीचं, मटण शिजलेलं ते पाणी. या भागात बाळंतिणीला, आजाऱ्याला, दूध तुटलेल्या पोराला तेच पाजतात. "भाची हाय हितं कसब्यात, तिनं आणून दिली. तुमी पानी नको म्हनलासा, म्या पानी न्हाय दिलं. सकाळपास्नं उपाशी मानूस. कापाकापीच्या आदी अंगात ताकद नको व्हय?"

वर्षाराणीनं तिथंच डोळे मिटले. मग ती फोनकडे गेली.

मोठे डॉक्टर ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांतच वर आले. भूल देणारे डॉक्टर दुपारी दुसऱ्या दवाखान्यातून यायचे होते, आता त्यांना नको म्हणून कळवायचं होतं. रागाला कारण होतं, पण राग कारणापेक्षा मोठा होता. त्याच वेळी कृष्णातही औषधांची पिशवी घेऊन आला.

"पेशंटला खायला दिलं कोणी?" डॉक्टर ओरडले. " तुम्ही काय झोपला होता का, सिस्टर? इतकी वर्षं झाली, उपाशी ठेवायचं म्हणजे काय एवढं साधं सांगता येत नाही तुम्हाला?"

वर्षाराणीनं धोंडुबाईंकडे पाहिलं. म्हातारी थर्मास पोटाशी धरून मुलाकडे बघत होती. डॉक्टरांकडे नाही, मुलाकडे.

"सॉरी सर," वर्षाराणी म्हणाली. "माझ्याकडनं सांगायचं राहिलं."

"राहिलं? जमत नसेल तर घरी बसा. उद्या मला लेखी द्या."

"होय सर."

अख्खा वॉर्ड ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर कृष्णातही पुटपुटला, "असली मानसं भरत्यात दवाखान्यात." वर्षाराणीनं ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला आणि वळली. टेबलाजवळ तेजस्वी डब्यावर हात ठेवून उभी होती.

संध्याकाळी दोघी स्कुटीवरून घरी आल्या. घरी आल्यावर वर्षाराणीनं भिंतीला पाय लावले, आणि आता सांगावं म्हणून तोंड उघडणार तोच तेजस्वी चहा घेऊन आली.

"मम्मी, मी गणित ठेवते."

वर्षाराणी उठून बसली. "का गं? वास सोसला न्हाय व्हय?"

"न्हाय. त्याचं काय न्हाय."

"मग?"

"तू दोनदा सांगितलंतंस. माझ्यासमोर. मग खोटं का बोललीस?"

"अगं, त्या पोरानं म्हातारीला बोलून बोलून मारली असती. मला काय, डॉक्टर आज बोलतील, उद्या विसरतील. रोजचंच हाय."

"तेच की," तेजस्वी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "बाकी सगळं जमंल मला. वास, रक्त, जागरण. पण ते 'होय सर' न्हाय जमायचं. आणि तुला ते म्हनताना मला बघवलं न्हाय."

यावर वर्षाराणीला पुष्कळ सांगता आलं असतं. सगळे डॉक्टर तसे नसतात. तू बीएस्सी करशील, तुला मान मिळेल. तुझा हात सकाळी मी बघितलाय. पण खात्री कशाची द्यायची? वीस वर्षांत मिळालेला मान तिनं आठवून बघितला, तो चहा निवेपर्यंतही पुरला नाही. महिनाभर जे मागत होती तेच तिला मिळालं होतं, आणि घरातलं कोणीतरी गेल्यासारखं वाईट वाटत होतं.

"बरं," ती म्हणाली. "गणित चांगलंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीररावांचं ऑपरेशन सुरळीत झालं. वर्षाराणीनं खुलासा लिहून दिला, त्यातही चूक आपलीच म्हणून लिहिली. दुपारी वॉर्ड जरा शांत झाला तेव्हा ती टेबलाशी टेकली. आता तेजस्वीनं कॉलेजात सांगितलं असेल, असं तिच्या मनात आलं. डोकं ठणकत होतं.

धोंडुबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. कालपासून त्या तिच्या आसपास घुटमळत होत्या.

"तुमची ल्येक काल त्या इचलकरंजीवाल्याचं कपाळ धरून हुबी हुती," त्या शेवटी म्हणाल्या. "म्या बघितलं. ती बी नर्सच हुनार न्हवं?"

"न्हाय, मावशी. तिनं गणित घेतलंय."

म्हातारीनं मान हलवली. "बरं केलं, बाई," ती म्हणाली.

वर्षाराणीला हसायचं होतं, पण जमलं नाही. तिनं मान खाली घातली. धोंडुबाईंनी खरखरीत हात पुढं केला आणि तिच्या कपाळावर ठेवला, ताप बघतात तसा.

"ताप न्हाय," म्हातारी म्हणाली.

"न्हायच की," वर्षाराणी म्हणाली, पण हात बाजूला केला नाही.

पलीकडच्या खोलीतली बेल वाजली. "आले," ती तिथूनच म्हणाली, आणि डोळे मिटून अजून थोडा वेळ तशीच बसून राहिली.