कियोनोच्या दोन वाट्या

शिंजी तळ्याकाठच्या त्या वाडीत सगळ्या घरांनी सरकारी कागदावर आपापला सहीचा शिक्का मारला होता. राहिली होती एकटी कियोनो. नवरा गेल्यापासून ती स्वतः होडी काढायची आणि लांब दांड्याच्या दाताळ्याने तळ खरवडून शिजिमी, म्हणजे बारक्या काळ्या तिसऱ्या, वर आणायची. आता समुद्राकडच्या तोंडाला दरवाजे बसणार होते. तळ्याचं मचूळ पाणी गोडं करून शेतीला द्यायचं ठरलं होतं. अडलं होतं ते फक्त हिच्या शिक्क्यासाठी.

सकाळीच धाकटा दीर तोकुझो सरकारी साहेबाला घेऊन दारात हजर. वाडीचा म्होरक्या तो, पहिला शिक्काही त्याचाच.

"वहिनी, उगाच ताणू नका. साहेबांना दुपारची गाडी गाठायचीय."

"उपाशीपोटी गाठणार? बसा, आधी खाऊन घ्या."

तिने दोघांपुढे मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, घालून केलेल्या तिसऱ्यांच्या सुपाच्या दोन-दोन वाट्या ठेवल्या. साहेबाने पहिली संपवली, छान म्हणाला आणि मांस शिंपल्यांतच सोडलं.

"आमच्यात मांस टाकत नाहीत, साहेब."

साहेब बिचारा काड्यांनी एकेक टोकरत बसला. तोकुझोने मात्र पहिली वाटी एका घोटातच बाजूला सारली होती आणि दुसरी शिंपल्यांतल्या मांसासकट चाटूनपुसून संपवली होती.

"भावोजी, ही का ठेवली?"

"पुळकवणी आहे. मिसो विसरलात की काय?"

"दोन्हींत सारखाच आहे. तिसऱ्याही एकाच खेपेच्या. वाळू सोडायला तुम्ही संपवलेल्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या होत्या, आणि या गोड्या पाण्यात."

साहेब हसला. "गोड्या पाण्यात त्या मरत नाहीत. अहवालात तसं लिहिलंय."

"मरत नाहीत. पण त्यांना पिल्लं होत नाहीत. ते लिहिलंय?"

साहेबाने वाटीत पाहिलं.

कियोनो आता संतापली होती. "ही एका रात्रीची चव आहे. तुम्ही जन्मभराची करायला निघालाय. मी शिक्का मारणार नाही. होडी जप्त करा, नाहीतर मला उचलून न्या."

तोकुझोने बाजूला सारलेली वाटी पुन्हा ओढली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साहेब," तो म्हणाला, "तो कागद द्या बघू इकडे. माझा शिक्का कुठल्या पानावर आहे?"