निम्म्या सिमेंटची भिंत

काँक्रीटचे ठोकळे दाबयंत्राखाली फोडायचे आणि त्यांची ताकद मोजायची, हे तिचं काम. यार्डात सगळे तिला लॅबबाई म्हणत. चौदा वर्षं रोज ठोकळे फोडल्यामुळे घरी आदळआपट करायची तिला गरजच उरत नाही, असं तिचा नवरा चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

या यार्डात बोगद्याची भिंत तयार होई. लोखंडी साच्यांत काँक्रीटचे मोठे, कमानदार तुकडे ओतायचे, आठ तासांनी साच्यातून उचलायचे आणि मग बोगद्यात नेऊन एकमेकांना जोडत गोल कडं उभं करायचं. या तुकड्याला सेगमेंट म्हणत. अजून चार हजार सेगमेंट ओतायचे बाकी होते.

बाईच्या डोक्यात किडा शिरला तो सिमेंटवरून. एक टन सिमेंट भट्टीत भाजून निघताना जवळपास पाऊण टन कार्बन वायू हवेत सोडतं. उद्या या बोगद्यातून विजेची गाडी धावणार, रस्त्यावरचा धूर कमी होणार, म्हणून सगळे खूश होते. आणि तो बोगदा बांधतानाच आपण डोंगराएवढा धूर करून ठेवतोय, हे तिला बघवेना. एका हाताने दिवा लावायचा आणि दुसऱ्या बाजूने फुंकर मारायची, असला हा प्रकार. पोलादाच्या भट्टीत लोखंडावर मळी तरंगते. ती थंड करून दळली की तिचा स्लॅग होतो आणि निम्म्याहून जास्त सिमेंटची जागा घेतो. बाईने सहा महिने ठोकळे करून पाहिले. महिनाभराने ते नेहमीच्या ठोकळ्यांपेक्षा कणखर निघत. खोड एकच होती. स्लॅगचं काँक्रीट आळशी. पहिल्या दिवशी अंगात जोरच धरत नाही.

यार्डाच्या प्रमुखांना लोक मागे घड्याळसाहेब म्हणत, कारण ते माणसाशी बोलतानाही मनगटाकडे बघत. बाईने त्यांच्याकडे इतके खेटे घातले की शेवटी त्यांनी एक रांग तिला दिली. चार साचे, पंधरा दिवस. अट एकच, आठ तासांत सेगमेंट उचलता आला पाहिजे.

पहिला सेगमेंट आठव्या तासाला क्रेनने उचलला आणि त्याचा कोपरा ओल्या बिस्किटासारखा खाली गळून पडला. कोणी हसलं नाही, पण पांगताना जो तो तिच्याकडे एकदा बघून गेला. घड्याळसाहेबांनी फक्त मनगट वर केलं. चौदा दिवस उरले होते.

घरी आल्यावर तिने वडिलांना सगळं सांगितलं, तिथेच चुकलं. ते चाळीस वर्षं बोगद्यांत राबलेले. तरुणपणी एका मुकादमाने सिमेंटची पोती परस्पर विकली होती. बोगद्याचं वीस फूट अस्तर खाली आलं आणि तेव्हापासून ते डावा पाय ओढत चालत. ते ताटावरच थांबले. म्हणाले, "सिमेंट कमी करणाऱ्याला आम्ही चोर म्हणायचो. तू त्याला शोध म्हणतेस."

"बाबा, मी काढलेल्या जागी दुसरं घालते. त्याने नुसतं काढलं."

"भिंतीला भाषण कळत नाही. भार कळतो."

तिला राग आला नाही. म्हातारा खोटं बोलत नव्हता. भाराचंच बोलायचं तर भारच दाखवावा लागणार होता.

त्याआधी आठ तासांचं कोडं सोडवायचं होतं. काँक्रीटला ऊब दिली की ते लवकर घट्ट होतं, हे तिला ठाऊक होतं. पण त्यासाठी डिझेलचा बॉयलर पेटवायचा, तर वाचवलेला धूर पुन्हा धुराड्यातून सोडायचा. तीन दिवस ती याच खांबाभोवती फिरत राहिली. चौथ्या दिवशी दुपारी कॉम्प्रेसरच्या खोलीमागून जाताना तिला यार्डातला म्हातारा पाइपफिटर दिसला. भिंतीतल्या झरोक्यासमोर काठी धरून तो आपले ओले हातमोजे वाळवत होता. तिने झरोक्यासमोर हात धरला आणि चटकन मागे घेतला. यंत्रांची सगळी उष्णता दिवसरात्र इथून बाहेर फेकली जात होती.

"किती वर्षं वाळवताय इथे?" तिने विचारलं.

"यार्ड सुरू झाल्यापासून," फिटर म्हणाला. "पाच मिनिटांत कडक. का, तुम्हाला काही वाळवायचंय?"

"चार सेगमेंट."

फिटरने काठी भिंतीला टेकवली आणि खिशातून टेप काढला. अशी माणसं लाखात एक. भंगारातल्या पत्र्याच्या नळ्या जोडून त्याने दीड दिवसात गरम हवा चारही साच्यांखाली आणली. बाईने वरून ताडपत्र्या घातल्या, आत पाण्याची घमेली ठेवली, म्हणजे उबेने काँक्रीट सुकून तडकणार नाही. पहिल्या खेपेला एका बाजूचा साचा जास्त तापला. नळीला झाकण बसवून तेही जमवलं. सातव्या दिवशी सेगमेंट आठव्या तासाला वर उचलला गेला. चारही कोपरे शाबूत. साहेबांनी सवयीने घड्याळ पाहिलं, मग सेगमेंटला पूर्ण फेरी मारली आणि म्हणाले, "आता याच्यावर भार टाकून दाखवा."

महिन्याभराने दोन सेगमेंट शेजारीशेजारी मोठ्या दाबयंत्राखाली ठेवले, एक जुन्या मिश्रणाचा, एक बाईचा. चाळीस टन पेलले की पास. त्या सकाळी ती वडिलांना म्हणाली, "चला माझ्याबरोबर. भार तुम्हीच बघा." ते चपला शोधू लागले.

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली; ते बसले नाहीत. आधी जुना सेगमेंट. सेहेचाळीस टनांना त्याच्या पोटाखाली केसाएवढी भेग दिसली. मग बाईचा. चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. सेहेचाळीसला फिटर डोळे मिटून उभा राहिला. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि काट्याजवळच्या माणसाचा आवाज आपोआप चढत गेला. पन्नास. वडील पाय ओढत यंत्राभोवतीच्या जाळीपर्यंत गेले, वाकले आणि खालून भेग शोधू लागले. त्रेपन्नला ती दिसली, बारीक, सरळ.

यार्डात एकदम गलका उठला. बाईने हात एप्रनच्या खिशात घातले. वडील सावकाश सरळ झाले, तिच्यापाशी आले.

"मी चोर म्हणालो होतो," ते म्हणाले. "चुकलो. आमच्या मुकादमाला हे दाखवायला हवं होतं."

घड्याळसाहेबांनी तिथेच सांगून टाकलं, की सोमवारपासून सगळे साचे याच मिश्रणाचे, आणि फिटरला हाताखाली सहा माणसं. फिटरने नवे पत्रे मागितले. भंगारावर मोठं काम करायला तो काही जादूगार नव्हता, असं त्याने ऐकवलंही. तेही मिळाले. उरलेल्या सेगमेंटांत निम्म्याहून कमी सिमेंट गेलं आणि काम एका दिवसानेही मागे पडलं नाही. दुसऱ्या दोन यार्डांची माणसं नळ्यांची मापं घ्यायला येऊन गेली. बाईने त्यांना बिघडलेल्या खेपांसकट सगळं लिहून दिलं.

बोगदा आरपार झाला त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडलं. वडील एका हाताने भिंत चाचपत चालले होते. प्रत्येक सांध्यावर थांबत, बोटं फिरवत, ओल लागते का बघत. कोरडी, कोरडी, परत कोरडी. बाई मागून येत होती. तिला घाई नव्हती. शेवटच्या वळणावर दिवे जरा विरळ होते. वडिलांनी शिडीवरच्या वायरमनला हाक मारून खाली बोलावलं आणि चांगलंच झापलं, की इथे आणखी दोन दिवे लावा, एवढी भिंत बांधलीय ती लोकांना दिसायला नको का?