ब्रेक

"बारावीनंतर एक वर्ष ब्रेक घेते. नाटकांत कामं करते, मग नाट्यशाळेची प्रवेशपरीक्षा देते," मी म्हणाले आणि दादांचा घास हातातच राहिला.

दादा, माझे वडील, पिंपरीत एका कंपनीत टेंपररी होते. कायम करावं लागू नये म्हणून कंपनी त्यांना दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक द्यायची, म्हणजे काही दिवस कामावरून काढायची. मग ते रोज डबा घेऊन गेटवर उभे राहायचे, आत बोलावतील या आशेवर.

"ब्रेक कंपनी देते, प्रभा. कुणी मागून घेत न्हाई."

"मला कुणी काढलेलं नाही, दादा! मीच थांबतेय," मी चिडून म्हणाले.

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"मग घे," ते म्हणाले. "पण डबा घेऊन कुणाच्या गेटवर उभी राहू नको."