हाताचा मागमूस नको

शिंतोडेबुवा म्हणजे चित्रकार. ब्रश न टेकवता लांबूनच रंग फेकायचे, म्हणून हे नाव. देखावे काढणं म्हणजे भिंतीला खोटी खिडकी पाडणं, असं त्यांचं मत. मनातलं सगळं कॅनव्हासवर ओतलं की झालं चित्र! ओतताना छत, मांजर आणि शेजाऱ्याची पँटही रंगायची, तो भाग वेगळा.

त्यांचं गाजलेलं चित्र मात्र बायकोमुळे झालं. "हा काय उकिरडा मांडलाय?" म्हणत ती तरातरा आली, डब्याला अडखळली आणि तोल सावरायला तिनं ओल्या चित्रावर थापकन हात टेकला. जाणकारांना त्या उमटलेल्या पंजात मानवजातीचा आक्रोश दिसला. बुवांनी तो आक्रोश बिनदिक्कत स्वतःच्या नावावर घेतला. बायको पोट धरून हसली, पण कुणापाशी बोलली नाही. पुढे ती गेली. बुवा रोज त्या पंजावर पंजा ठेवून चहा प्यायचे. लेकीला वाटायचं, बाबा स्वतःवरच खूश आहे.

ही लेक बापाचेच रंग कालवत मोठी झाली आणि तिनं बापाविरुद्धच पंथ काढला. रंग सपाट, कड चिकटपट्टी लावून सरळ, आणि हाताचा मागमूस नको.

"तू चित्रातून देखावा हाकललास, बाबा. मी तुला हाकललं, एवढंच."

"कार्टी माझ्यावरच उलटली!" बुवा जगाला कौतुकानं सांगायचे.

पहिल्या प्रदर्शनाआधी ती म्हणाली, "तो पंजावाला कॅनव्हास देशील? सुरुवात त्याच्यापासूनच करायचीय."

बुवांना गहिवरून आलं. लेक आपलं चित्र पहिलं टांगणार! त्यांनी स्वतः ते टेम्पोत चढवून दिलं.

उद्घाटनाला ते पहिल्याच भिंतीपाशी थबकले. करडा. नुसता करडा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

"हा... तोच?"

"तोच! पॉलिश पेपरनं घासून घासून बोटं सोलवटली बघ. तुझा पंजा तर निघता निघेना, मेला हट्टी. शेवटी पात्यानं खरवडला." ती पोट धरून हसली, अगदी आईसारखी. मग तिचं लक्ष बुवांच्या चेहऱ्याकडे गेलं. "चिडलास?"

बुवांच्या ओठांवर खरं आलं होतं. सोललेल्या बोटांकडे बघून त्यांनी ते गिळलं.

"छे गं."

"आईला आवडलं असतं ना रे? तिला तुझा पसारा कधी खपला नाही."

"आवडलं असतं," म्हणत बुवांनी हात पुढे केला.

"ओ आजोबा, हात लावू नका!" पहारेकरी ओरडला.

"असू दे हो, वडील आहेत माझे," लेक म्हणाली.

बुवांनी सगळीकडे चाचपून पाहिलं. लेकीनं काम चोख केलं होतं.