लॅबमधून दिलेला भाग

"काका, हा लुकलुकणारा तारा काढू का?"

"काढ."

"आणि हा पिवळा रंग?"

"तोही काढ. दर वेळी मला विचारत बसू नकोस गं. एकदाच काय ते खरवडून टाक."

भिंगकाकांनी मान वर न करताच सांगितलं. ते इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे लॅब सहायक. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण अख्खं कॉलेज त्यांना भिंगकाकाच म्हणायचं, कारण खिशात पेनाच्या जागी भिंग असायचं आणि जोडणी कुठे सुटली आहे ते त्यातून बघून ते चटकन सांगायचे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची वेबसाइट अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच उभी केली होती, शनिवारच्या वर्गात जे काही शिकवलं तेवढ्याच भांडवलावर. पिवळ्यावर लाल अक्षरं, कोपऱ्यात तारा. तेव्हाचे प्राचार्य ती बघून इतके खूश झाले की त्यांनी काकांना खोलीत बोलावून चहा पाजला होता. आता निवृत्तीला दोन महिने राहिले होते आणि नव्या विभागप्रमुख मॅडमना साइट स्वच्छ, मोकळी, बघताच आत शिरावंसं वाटेल अशी हवी होती.

काम मिळालं होतं घाईला. घाई इथलीच जुनी विद्यार्थिनी. तार जोडताना सोल्डर थंड व्हायच्या आत हात काढून मोकळी व्हायची, म्हणून काकांनीच ते नाव ठेवलेलं. आता ती लोकांना वेबसाइट बनवून द्यायची, तिच्या हाताखाली दोन माणसं होती, पण काकांच्या लेखी घाई ती घाईच.

"अक्षरं जरा ठळक ठेव हं," काका म्हणाले. "आजकाल सगळं पांढऱ्यावर राखाडी असतं. डोळे फुटायची वेळ येते."

"बघते." मग ती थोडी चाचरली. "मॅडम म्हणाल्या, साइटवर चोवीसच प्रकल्प ठेवायचे. निवडक. बाकी सगळे एका फाइलीत. आणि तुमच्या नोंदी नकोत."

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. कॉलेजात एक रीत होती. तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांसमोर प्रकल्पाचं पान उघडायचं, आणि प्रात्यक्षिक झालं की काकांनी तिथल्या तिथे खाली नोंद टाकायची. गुण द्यायचे ते ती नोंद वाचून. 'पंप चालला, पाणी उलट दिशेने आले.' 'दार उघडले, मिटले नाही.' जे झालं ते तसंच लिहायचं, त्यात काका कधी हात राखत नसत.

"काढून टाक," ते म्हणाले. "आणि माझं एक काम कर. एवढं टाइप करून दे. मॅडमना उद्या द्यायचंय."

घाईने कागद घेतला. काकांचं सुबक अक्षर. विषय, स्पष्टीकरण देणेबाबत. मॅडमनी साइट बदलायच्या निमित्ताने जुनी पानं बसून वाचली होती, आणि त्यांना एक वाक्य पुन्हा पुन्हा सापडलं होतं. 'प्रकल्प चालला नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही, लॅबमधून दिलेला भाग खराब होता.' अठरा वर्षांत त्रेचाळीस वेळा. लॅब सहायकाने त्रेचाळीस वेळा खराब माल दिला, तर जबाबदार कोण, असं त्यांनी लेखी विचारलं होतं. त्यांचंही चुकलं नव्हतं. काकांनी खाली लिहिलं होतं की, भाग न तपासता देण्याची चूक सर्वस्वी माझी आहे.

तिने कागद बाजूला ठेवला आणि साइटवर ते वाक्य शोधलं. बारावं पान तिचंच निघालं. सलाइनची बाटली संपत आली की वाजणारी घंटी. त्या दिवशी ती वाजली नव्हती.

"काका, माझा बझर खराब नव्हता."

"लॅबचा होता तो. तुझा कसला?"

"मी तारा उलट जोडल्या होत्या. लाल ती काळीच्या जागी. घरी गेल्यावर आठवलं. म्हटलं नशीब, बझरही खराबच निघाला. इतकी वर्षं मी तसंच धरून चालले. तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना? भिंगातून?"

काकांनी भिंग काढून सदऱ्याला पुसलं, ते स्वच्छच होतं.

"तीन महिने जीव ओतलात तुम्ही," ते म्हणाले. "परीक्षक थांबतात चार मिनिटं. त्यांच्यासमोर सोल्डरिंगची इस्त्री तापवून पुन्हा जोडणार होतीस का? विचार बरोबर होता तुमचा. तार चुकली."

"मग हे स्पष्टीकरण का देताय? खरं लिहा की."

"आणि तुमचे गुण? त्रेचाळीस जणांना बोलावून सांगू, तुम्ही नापास होतात म्हणून? नोकऱ्या लागल्या, लेकरं झाली लोकांना. मागचं उकरू नकोस, घाई. दमलोय मी. टाइप कर आणि दे."

तिने टाइप केलं. काकांनी सही केली.

घरी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, "दिलं का लिहून?"

"दिलं."

"छान. लोकांची पोरं पार लावलीत, आता जाता जाता स्वतःच्या फाइलला डाग लावून घ्या. निरोपाच्या भाषणात काय सांगतील? माणूस चांगला, माल खराब?"

"अगं, दोन महिन्यांनी कोण वाचतंय ती फाइल?"

"तुम्ही," बायको म्हणाली. "रोज वाचाल, बसल्या बसल्या." काकांना ते लागलं, कारण खरं होतं. जेवण अर्धं टाकून ते उठले.

पंधरा दिवसांनी नवी साइट सभागृहात उघडली. काका शेवटच्या रांगेत बसले होते. पांढरंशुभ्र पान, मोठाले फोटो, भरपूर मोकळी जागा. सुंदर होती, त्यांनी मनापासून कबूल केलं. अक्षरं मात्र बारीक आणि राखाडीच, इतक्या लांबून एक ओळ लागेना. कुणाच्या तोंडी त्यांचं नाव आलं नाही. टाळ्या झाल्या, तेही टाळ्या वाजवून लॅबमध्ये परतले.

चौथ्या बाकावर दोन मुली सर्किट जोडत होत्या. काकांनी आपल्या मशीनवर साइट उघडली आणि पडद्याला भिंग लावलं. चोवीस प्रकल्प. एकविसावा होता सलाइनची घंटी. चालला नाही तो प्रकल्प निवडकांत कसा? त्यांनी भिंग खाली सरकवलं. फोटोखाली, घाईच्या पूर्ण नावाने, लिहिलं होतं:

'प्रात्यक्षिकात घंटी वाजली नाही. तारा मी उलट जोडल्या होत्या. लॅबमधून दिलेला भाग चांगला होता. लॅब सहायकांनी चूक स्वतःवर घेतली, म्हणून मी पास झाले.'

काकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना भिंगात अक्षरं पसरायला लागली.

दारात मॅडम उभ्या होत्या. हातात ते स्पष्टीकरण होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"हे परत घ्या. ती मला आधीच येऊन सांगून गेली. म्हणाली, हे पान राहणार असेल तरच साइट देते." मग त्यांनी विचारलं, "बाकीचे बेचाळीस?"

काका खुर्चीतून उठले. अठरा वर्षांत या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

"तीन खरंच खराब होते, मॅडम."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि निघून गेल्या.

काकांनी खालचा खण ओढला. आत पत्र्याचा डबा होता, वर चिठ्ठी, 'खराब'. एकदा खराब लिहिलेला भाग पुन्हा कुणाला देता येत नसे, आणि चांगली वस्तू फेकायला हात धजत नसे, म्हणून ते सगळे इथे पडून होते, प्रत्येकाला वर्षाची चिठ्ठी बांधलेली. त्यांनी घाईच्या वर्षाचा बझर शोधून काढला, धूळ फुंकली आणि बॅटरीला लावला. लाल ती लालला, काळी ती काळीला.

लॅबभर कर्कश आवाज घुमला. बाकावरच्या मुली दचकल्या.

"काका, डब्यावर तर खराब लिहिलंय. चालतोय की हा."

"चालतच होता," काका म्हणाले, आणि त्यांनी तो लगेच बंद केला नाही.