लिओटाआत्याचं नाव

"दुपारच्या आत पुरायचंय, हार्लन. तिकडच्यांना हिचं नाव काय सांगू?" लिओटाआत्याने विचारलं.

"व्हर्ना," मी म्हणालो.

"ते सरकारी कागदावरचं. तिकडे कोण ओळखतंय व्हर्नाला!"

माझी बायको समोर पेटीत होती. लिओटा तिची सख्खी आत्या, वय एक्क्याण्णव. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं डाव हातात घेऊन उभी राहिलेली बाई. आम्हा क्वापॉ आदिवासी लोकांत कुळातलं नाव वडीलधाऱ्यांनी ठेवायचं असतं. माणूस पुरताना तेच नाव घेऊन त्याला पूर्वजांच्या हवाली करतात. व्हर्ना लहानपणी आपल्या लोकांपासून लांब, कॅन्ससला वाढली, तिचं ते राहून गेलं. लग्नानंतर चाळीस वर्षं मी म्हणत आलो, पुढच्या जुलैत करू, सगळे जमतात तेव्हा. जुलैत माझ्या ट्रकच्या फेऱ्या असायच्या.

"आता ठेवा ना एखादं," मी म्हणालो.

"एखादं! दुकान आहे का माझं? जिवंत माणसाचं नाव दुसऱ्याला द्यायचं तर त्याने ते सोडायचं. आमच्या कुळातली बायकांची नावं मोजकी. होती ती सगळी पोरींना दिली." तिने पेटीकडे पाहिलं. "एक आहे."

"कुणाचं?"

"माझं."

"आत्या, ते नका देऊ. तुम्ही काय करणार?"

"मला त्या नावाने हाक मारणारी बहुतेक सगळी तिकडेच गेलीत, जावईबापू."

"मग तुम्ही तिकडे जाल तेव्हा?"

"व्हर्ना सांगेल ना, ही माझी आत्या म्हणून. तेवढं करील ती. रडू नकोस, डबी दे ती."

डबीत पुरण्याआधी लावायचा लाल रंग होता. तिने व्हर्नाच्या चेहऱ्यावर बोटाने रेघ ओढली.

कबरीपाशी वारा जोराचा होता. खाणीच्या ढिगाऱ्यांवरची धूळ डोळ्यांत जात होती. पोरांनी खुर्ची आणली, ती आत्याने परत पाठवली. उभं राहून तिने आपल्या भाषेत माणसं सांगायला सुरुवात केली. हिचा बाप, त्याची आई, तिचा बाप. आर्कान्सा नदीकाठचं गाव सुटल्यावर उपाशीपोटी चालत आलेली बाई. त्याच्याही आधीची माणसं, त्यांच्या नद्या. हातात कागद नव्हता. कबरीभोवती शंभरेक माणसं जमली होती. मला भाषा अर्धीच कळते, पण ते सगळे पूर्वज तिथे येऊन उभे आहेत असं मला वाटलं. मी टोपी काढली. शेवटी तिने ते नाव घेतलं आणि हात व्हर्नाच्या पेटीवर ठेवला.

बाराच्या आत माती पडली.

मग जेवणं झाली. मक्याचं सूप होतं, तळलेली भाकरी होती. आत्या माझ्या शेजारी बसली होती. पलीकडच्या टेबलावरून एका म्हाताऱ्याने मीठ मागायला सवयीने तिला जुन्या नावाने हाक मारली. मग पुन्हा मारली.

आत्याला चांगलं ऐकू येतं. तिने मान वळवली नाही.