स्टेलानचा आवाज

माझ्या भावाची गाडी पुलावर आली की पप्पा खुर्चीतून उठतो. एरवी गुडघ्यांना शिव्या देत उठणारा माणूस, पण तेव्हा ताडकन उठतो. पुलाच्या लाकडी फळ्या, पलीकडच्या गोठ्याची भिंत आणि त्यांच्यामध्ये घुमणारा स्टेलानच्या जुन्या व्होल्वोचा तो खर्जातला आवाज. पप्पाचे डोळे आता फारसे कामाचे राहिले नाहीत, पण कान उभा जन्म गॅरेजमध्ये तयार झालेत. "आला!" म्हणतो, ताजी कॉफी टाकतो, फ्रीझरमधले वेलचीचे बन ओव्हनमध्ये सारतो आणि टोपी घालून पायरीवर जाऊन उभा राहतो.

मी रोज येते. लाकूडगिरणीतली पाळी संपली की आधी पप्पाकडे, मग माझ्या घरी. अंगणातला बर्फ मी ओढते, त्याच्या डोळ्यांत थेंब मी घालते. मी दारात दिसले की तो रेडिओ कमीसुद्धा न करता म्हणतो, "थर्मासमध्ये कॉफी असेल बघ थोडी."

आणि हा लाडोबा महिन्यातून एक-दोनदा येव्ले शहरातून येणार, बन खाणार, पप्पाला गाडीत बसवून नदीकाठानं एक चक्कर मारणार की झालं. मग पुढचे चार दिवस घरात त्या गाडीचंच कौतुक. माझा नुसता जळफळाट होतो. खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये माझी व्होल्वो वार्षिक तपासणीत नापास झाली. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं सायलेन्सरची पार चाळणी झाली होती. साधा, कंपनीसारखा गुपचूप सायलेन्सर स्वस्तात मिळत होता. तोच घेणार होते. पण त्या शनिवारी स्टेलानची गाडी अंगणात उभी होती आणि आतून पप्पाच्या हसण्याचा आवाज येत होता. मी सरळ चिखलात पाठ टेकली, त्याच्या गाडीखाली सरकले आणि मोबाइलच्या उजेडात सायलेन्सरवर ठोकलेला नंबर वाचून घेतला.

बाहेर येते तर समोर स्टेलानचे बूट.

"काय गं, माझ्या गाडीखाली काय शोधतेस?"

"मांजर."

"सापडलं?"

"पळालं. तुझा आवाज ऐकून."

दुकानदाराला फोन केला तर तो मलाच समजावायला लागला. "हा जरा जोरात वाजतो हं. आतला पाइप सरळसोट आहे, आवाज कुठे अडतच नाही. त्यापेक्षा हा दुसरा घे ना, गाडीत आरामात गप्पा मारता येतील."

"गाडीत मी एकटीच असते," मी म्हणाले. "तोच पाठव."

रविवारी माझ्या शेडमध्ये कामाला लागले. गाडी उचलून चार स्टँडवर ठेवली, हलवून बघितली आणि मगच खाली शिरले. गंजलेले बोल्ट काही केल्या सुटेनात. तेल मारलं, गॅसच्या ज्योतीनं तापवले, शेवटचा एक तर करवतीनंच कापला. गंजाचा भुगा चष्म्यावर, केसांत, तोंडात. नवा पाइप चकचकीत. लटकवायच्या रबरांना भांड्यांचा साबण लावला, मग ती निमूट चढली. क्लॅम्प सगळे आधी ढिलेच ठेवले, पाइप सरळ बसलाय हे बघितलं आणि पुढून मागे एकेक आवळत गेले. पप्पानं हे शिकवलं स्टेलानला, शिकले मात्र मी.

चावी फिरवली. दोन्ही गाड्यांची इंजिनं एकाच जातीची, त्यामुळे आवाज अगदी तोच निघाला. मी शेडमध्ये उभी राहून खुळ्यासारखी हसले.

सोमवारी गिरणीतून सुटल्यावर पुलावर आले आणि स्टेलान टाकतो तसा गिअर खाली टाकला. वळण घेतलं तर पप्पा पायरीवर. टोपी घातलेली, कठड्यावर हात, आणि तोंड असं फुललेलं की मला ब्रेक दाबायचं सुचेना.

"अरे, सोमवारी कसा काय?" तो ओरडला.

मी दार उघडलं. "मी आहे, पप्पा."

तोंड विझलं. लपवताही आलं नाही त्याला. "तू होय," म्हणाला. मग मात्र सावकाश खाली उतरला, गाडीच्या मागे वाकला आणि पाइपाच्या तोंडासमोर तळहात धरला.

"बसवला कोणी?"

"मी."

"ॲक्सलजवळ जागा सोडलीस? नाहीतर खडखडेल."

"दोन बोटं."

"हं."

त्या एका 'हं'वर मी संध्याकाळ काढली. आत कॉफी उकळत होती, बन गरम होत होते. आता ते परत थोडेच ठेवता येणार होते! स्टेलानच्या वाट्याचे दोन बन मी खाल्ले आणि मला ते फार गोड लागले.

मंगळवारी पप्पा पुन्हा पायरीवर आला. बुधवारी नुसता खिडकीपर्यंत. नंतर तेही बंद झालं. त्याच्या कानांनी हिशेब बदलला होता.

पुढच्या शनिवारी मी शेतातून पायीच आले आणि मागच्या दारानं शिरून सरपण रचत बसले. पप्पा स्वयंपाकघरात आइस हॉकीची मॅच ऐकत होता, मी आल्याचा त्याला पत्ताच नव्हता. पुलावर आवाज घुमला. आज मी घुमवत नव्हते, म्हणजे स्टेलान. मी हातात ओंडके घेऊन दाराशी गेले, पप्पा कसा उठतो ते बघायला. सवयच आहे तशी, खपली काढायची.

पप्पा उठला नाही. रेडिओकडे कान लावून तसाच बसून राहिला.

स्टेलान आत आला. अंगणात कोणी नाही, चूल थंड. दारातच घुटमळला. "पप्पा? बरं नाही का तुला?"

पप्पा दचकून वळला. "अरे! तू? मला वाटलं, उल्रिका आली. ती काय, येतच असते. तिच्यासाठी कोण उठतंय!"

आणि तो मोकळेपणानं हसला. त्यात वाईट काहीच नव्हतं.

स्टेलान हसला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड असं पडलेलं बघायची माझी किती वर्षांची इच्छा होती. आता ते समोर होतं, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

"मी इथेच आहे, पप्पा," मी म्हणाले.